देवी डॉक्टरांची घोडी

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या दारात घोडी आली. मी संगमनेरहून नाशिकला आलेली, वय एकोणीस. माहेरी गाय होती, म्हैस होती, त्यांच्या शेणात हात घालूनच मी वाढले. घोडा मात्र फक्त वरातीत पाहिलेला, तोही गर्दीतून टाचा उंचावून.

यांची नोकरी देवी काढण्याची. म्हणजे गावोगाव फिरून लहान मुलांच्या दंडावर देवीची लस टोचायची. लोक यांना ‘देवी डॉक्टर’ म्हणत. हे काही डॉक्टर नव्हते, पण दर खेपेला तसं सांगत बसणार कोण? दिवाळी झाली की हे दिंडोरी, पेठ, हरसूलच्या बाजूला निघत आणि उन्हाळा लागला की परतत; मधे लस न्यायला एखादी खेप तेवढी घरी. तिकडच्या वाटांवर बैलगाडीसुद्धा धड चालत नसे, म्हणून स्वतःचं जनावर ठेवणं ही नोकरीची अटच होती. आधीचं एक म्हातारं, शहाणं तट्टू त्या वर्षीच्या फिरतीत गेलं. मग वैशाखात यांनी येवल्याच्या बाजारातून ही घोडी आणली. तांबूस-काळसर अंग, कपाळावर पांढरा पट्टा, पाय सडपातळ. दारात उभी राहिली तेव्हा मला ती एखाद्या मोठ्या घरच्या पाहुण्या बाईसारखी वाटली. हिला आपलं घर आवडणार नाही, असं पहिल्यांदा मनात आलं.

मखमलाबादच्या रस्त्याला एका फुलमळ्यात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. मळ्याचा मालक वारलेला. त्याची बायको गुलाब, झेंडू, शेवंती आणि थोडी मेथी-कोथिंबीर स्वतः उभी राहून करून घ्यायची. मी त्यांना मावशी म्हणायचे. आमच्या खोल्यांच्या मागे त्यांनी घोडीसाठी एक छपरी दिली होती. तीन बाजूंनी कूड, वर कौलं, समोर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेली मोकळी जागा. मावशींचा त्यात फायदाच होता, कारण घोड्याची लीद गुलाबाला मानवते असं त्यांचं म्हणणं होतं.

पावसाळ्यात यांना फिरती नसायची. हे कचेरीत जात, कागद भरत आणि संध्याकाळी परत येत. घोडी मात्र दिवसभर छपरीत बांधलेली. पुढचा दोर गळ्याला, मागचा दोर पायाला, तोंड कुडाकडे. आषाढ निम्मा होईपर्यंत तिचं काहीतरी बिनसलं. ती उभ्या उभ्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलत राहायची, तासन् तास. छपराखालच्या मेढीचं, म्हणजे खांबाचं लाकूड दातांनी कुरतडून तिनं पार बारीक केलं होतं. सकाळी तिचे मागचे पाय सुजलेले दिसायचे. पाण्याची बादली ठेवली की लाथ. एके दिवशी हे तिच्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांधायला गेले आणि तिनं यांच्या खांद्याचा लचकाच धरला. सदरा फाटला, खांदा काळानिळा झाला. मी हळद लावत होते तेव्हा हे दात आवळून म्हणाले, “खोडकर जनावर गळ्यात मारलं येवल्याच्या त्या दलालानं. हिला ठेवण्यात अर्थ नाही.”

हे घोडीला भितात हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. वैरण टाकायची तर काठीनं टोपली पुढे ढकलायची. जवळ जायचं तर आधी ओरडायचं, आणि ओरडायचं ते आवाज फुटेपर्यंत. एकदोनदा त्याच काठीनं यांनी तिला मारलंही. मला ते बघवलं नव्हतं, पण बोलायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर मीही तिला भीतच होते.

श्रावण लागायच्या आधी घोटीकडे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ पसरली आणि लस टोचायला यांना तिकडे पाठवलं. जायचं आगगाडीनं, त्यामुळे घोडी घरीच. निघताना हे म्हणाले, “तिकडे तांदळाचा एक व्यापारी आहे, त्याला छकड्यासाठी घोडं हवंय. बोलून बघतो. तोवर लांबूनच वैरण टाक, पाणी ठेव. तिच्या जवळ जाऊ नकोस. आणि चण्याचं माप चुकवू नकोस, वाळली तर किंमत येणार नाही.”

मी मान हलवली.

मावशींच्या फुलांच्या टोपल्या रोज सकाळी एका टांग्यातून बाजारात जायच्या. टांगेवाले म्हातारे मुसलमान गृहस्थ होते, भद्रकालीच्या बाजूला राहणारे. सगळे त्यांना चाचा म्हणत. मेंदीनं लाल केलेली दाढी, गुडघ्यात वाकलेले पाय, आणि टांग्याला एक पांढरा घोडा, तोही त्यांच्यासारखाच वयस्क. हे घोटीला गेल्यावर तिसऱ्या दिवशी चाचा टोपल्या चढवून झाल्यावर निघेनात. मागच्या बाजूला कान देऊन उभे राहिले. छपरीतून घोडी खिंकाळत होती.

“बेटी,” ते मला म्हणाले, “ही रोज माझ्या घोड्याला हाक मारते. दोन महिने ऐकतोय मी. तुम्ही ऐकलं नाही?”

मी ऐकलं होतं. पण घोडी खिंकाळणारच, त्यात काय ऐकायचं, असं मला वाटायचं.

“साहेब असताना मी बोललो नाही. त्यांचं जनावर, त्यांची मर्जी. पण आता विचारतो. बघू का तिला?”

मी त्यांना मागे घेऊन गेले. घोडी कान मागे पाडून उभी होती. मी चार हात लांब थांबले. चाचा थेट गेले नाहीत. आधी कुंपणाशीच उभं राहून काहीबाही पुटपुटले, मग तिच्या खांद्याच्या बाजूनं, तिला आपण दिसू अशा बेतानं, हळूहळू पुढे सरकले. मानेवर तळवा ठेवला आणि तिथेच राहू दिला. घोडीनं मान वळवली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती त्यांच्या बगलेत नाक खुपसून वास घेत होती.

“वाईट नाय ही,” चाचा म्हणाले. “घाबरलेली आहे. आणि एकटी. घोडं कळपातलं जनावर आहे, बेटी. ह्याला भिंतीकडे तोंड करून बांधलं तर काय होणार? तुम्हाला कोणी कोपऱ्यात उभं केलं दोन महिने, तर तुम्हीपण चावाल.”

मग त्यांनी विचारलं, “चणा किती देता?” मी सांगितलं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, “हे तर रोज दहा कोस चालणाऱ्या घोड्याचं खाणं झालं! बसून खाणाऱ्या माणसाचं जे होतं तेच हिचं झालंय. पाय सुजले, डोकं तापलं.”

त्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. चाचा टोपल्या चढवायच्या आधी अर्धा तास येऊ लागले. पहिल्यांदा त्यांनी मागच्या पायाचा दोर सोडून टाकला, मग गळ्याचा. घोडी कुंपणाच्या आतल्या मोकळ्या जागेत आली, दोनदा फुरफुरली आणि धपकन चिखलात पडून चारी पाय वर करून लोळली. मावशी किंचाळल्या, “अगं बाई, मेली का काय ती!” चाचा हसायला लागले. “मेली नाय, अंघोळ करतेय.”

चणा चौथ्या हिश्शावर आणला. त्याऐवजी मळ्याच्या बांधावरची कोवळी हरळी कापून दिवसभर थोडी थोडी घालायची, कडबा बारीक तोडून द्यायचा, चणा नेहमी भिजवूनच, आणि पाणी आधी, दाणा नंतर. हे मी पाठ केलं. खरारा कसा करायचा ते चाचांनी माझ्या हातावर हात न ठेवता, स्वतः करून दाखवून शिकवलं. मान संपते आणि पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यावर खरवडलं की घोडीचा वरचा ओठ लांब होऊन थरथरायचा आणि ती मान वाकडी करून उभी राहायची. पहिल्यांदा ते बघून मी तोंडावर पदर घेऊन हसले. एवढं मोठं, रुबाबदार जनावर आणि चेहरा असा वेडगळ!

खूर उचलायला मी सर्वांत जास्त घाबरले. चाचांनी सांगितलं तसं खांद्याला टेकून उभी राहिले, हात पायावरून खाली नेला, म्हटलं, “दे बाई, पाय दे.” तिनं दिला. आत बोटभर चिखल आणि लीद घट्ट बसलेली होती, घाण वास येत होता. मी लोखंडी आकड्यानं ते कोरून काढलं. चाचांनी वाकून वास घेतला आणि म्हणाले, “अजून आठवडाभर असंच राहिलं असतं तर खूर सडला असता. आता रोज साफ करा. कोरडं ठेवा.” ते ऐकून मी बाकीचे तिन्ही खूर लगेच कोरून काढले.

सोबतीचं काय करायचं हा प्रश्न होता. दुसरा घोडा कुठून आणणार? चाचांनी मावशींच्या शेळीकडे बोट दाखवलं. मावशी म्हणाल्या, “माझी शेळी? तुडवून टाकील ती!” पण दोघी मिळून एक दिवस कुंपणाच्या आत शेळी सोडून आम्ही श्वास रोखून उभ्या राहिलो. घोडी शेळीच्या पाठीचा वास घेत राहिली. शेळीनं तिच्या पुढ्यातली हरळी खाल्ली. संध्याकाळी पाहिलं तर शेळी छपरीत बसलेली आणि घोडी तिच्याजवळ मान खाली घालून, एक पाय ढिला सोडून डुलक्या घेत होती. तिचं ते झुलणं त्या आठवड्यातच निम्म्यावर आलं. मावशींना मात्र शेळी परत मिळाली ती फक्त धारेपुरती.

सकाळी मी घोडीला दोर धरून नाल्याकाठच्या वाटेनं फिरवून आणू लागले. लोक बघायचे. शेजारच्या मळ्यातली एक म्हातारी म्हणाली, “देवी डॉक्टरांनी बायकोला घोड्याचा मोतद्दार केलं काय गं?” मावशींनी तिला परस्पर उत्तर दिलं, “तुझ्या सुनेला बैल हाकता येतो, हिला घोडी हाकता येते. तुझं काय जातंय?” मला लाज वाटत होती, पण घोडी माझ्या खांद्याशी चालत होती आणि मधूनच माझ्या पदराला हुंगत होती. त्या चालण्याची मला गोडी लागली.

असे पंधरा-सोळा दिवस गेले. आणि मग श्रावणातल्या एका शुक्रवारी माझ्या हातून चूक झाली.

श्रावणी शुक्रवार म्हणजे फुलांना मागणी. मावशींनी मला वेण्या गुंफायला हाक मारली. मी छपरीत चण्याच्या डब्यातून दुपारचा चणा भिजत घालण्यासाठी काढत होते. “आले आले,” म्हणत मी तशीच उठले. डब्यावर झाकण ठेवलं, पण त्यावर दगड ठेवायचा तो राहिला. घोडी आता मोकळीच असायची. आमच्या वेण्या आणि गप्पा दीड-दोन तास चालल्या. परत आले तर डबा आडवा, झाकण कुंपणाशी, आणि डब्यात तळाला मूठभर कोरडे चणे.

घोडी डब्यापाशी नव्हती. ती छपरीच्या कोपऱ्यात उभी होती. मागे वळून स्वतःच्या पोटाकडे बघत होती, पुढच्या पायानं जमीन उकरत होती. मानेवर घाम आलेला. माझ्या डोळ्यांदेखत तिचे पाय वाकू लागले आणि ती खाली बसायला लागली.

“मावशी!” मी ओरडले. “मावशी, घोडीनं चणे खाल्ले!”

मावशी धावत आल्या. एक नजर टाकली आणि पदर कमरेला खोचत म्हणाल्या, “चाचा आत्ता कारंज्यावर आसतील, टांग्यांच्या अड्ड्यावर. मी जाते. तू हिला खाली पडू देऊ नको, फिरवत ऱ्हा.” साठीच्या घरातली ती बाई अनवाणी रस्त्यानं पळत सुटली.

मी घोडीच्या तोंडाला दोराची मोहरकी घातली आणि ओढलं. ती हलेना. मी तिच्या मानेवर चापट मारली, मग विनवण्या केल्या. “चल गं बाई, चल. माझी चूक झाली. चल ना.” ती चार पावलं चालली, पुन्हा पाय वाकवले. मी पुन्हा ओढलं. कुंपणाच्या आत आम्ही फेऱ्या घालत राहिलो. ती कण्हत होती. घोडं कण्हतं हे मला माहीतच नव्हतं. शेळी आमच्या मागे मागे ओरडत फिरत होती. हे घोटीला, आणि मी यांचं जनावर मारलं, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. त्यातही यांच्यापेक्षा घोडीचंच दुःख मला जास्त होत होतं, हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं होतं.

टांग्याची घंटा ऐकू आली तेव्हा माझे हात दोरानं सोलवटले होते. चाचा उतरले ते थेट घोडीकडे गेले. तिचे ओठ वर करून हिरड्या बघितल्या, मग तिच्या कुशीला कान लावला. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. त्यांचा चेहरा उतरला.

“काय आहे चाचा?”

“काही आवाज नाय. पोट बंद पडलंय.” मग मला म्हणाले, “पाणी दिलं का?”

“नाही.”

“बरं केलं. एक थेंब देऊ नका. चणे फुगले तर हातातून जाईल.”

मावशींनी ओवा, हिंग आणि काळं मीठ उकळायला ठेवलं. चाचांनी एका ओळखीच्या टांगेवाल्याला गुरांच्या दवाखान्यात पाठवलं. तिथून एक ड्रेसर, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस, जवसाच्या तेलाच्या दोन बाटल्या आणि बांबूचा नळा घेऊन आला. तोवर चाचा आणि मी आळीपाळीनं घोडी फिरवत होतो. ड्रेसर मोजकं बोलणारा माणूस. त्यानं घोडीचं डोकं वर धरायला लावलं, तोंडाच्या कडेनं नळा सारला आणि तेल थोडं थोडं ओतलं. प्रत्येक वेळी तिनं गिळलेलं बघायचं, मग पुढचं. अर्धं तेल माझ्या लुगड्यावर सांडलं. नंतर मावशींचा काढा कोमट करून चार घोटच तसा पाजला.

“आता?” मी विचारलं.

“आता वाट बघायची,” ड्रेसर म्हणाला. “लीद टाकली तर जगली. संध्याकाळपर्यंत टाकली नाही तर मला पुन्हा बोलवा.” तो निघून गेला, कारण त्याला आणखी एका म्हशीकडे जायचं होतं.

चाचांनी त्या दिवशी एकही भाडं घेतलं नाही. आम्ही तिला हळूहळू चालवायचं, थांबवायचं, मावशी गवताच्या बोळ्यानं तिचं पोट चोळायच्या, पुन्हा चालवायचं. दर थोड्या वेळानं चाचा कुशीला कान लावत. तीन वाजले, चार वाजले. एक सर येऊन गेली, आम्ही भिजलो, कुणाचं लक्ष नव्हतं.

साडेचारच्या सुमाराला चाचांनी मला हातानं खुणावलं. “बेटी, इकडे या. कान लावा.”

मी घोडीच्या ओल्या, गरम कुशीला कान लावला. आधी काहीच नाही. मग लांबवर, खोल विहिरीत कुणी घागर बुडवावी तसा आवाज आला. गुडगुड. थांबला. पुन्हा गुडगुड.

“ऐकलं?”

“ऐकलं!” मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

अर्ध्या तासानं घोडीनं शेपूट उचललं. आम्ही तिघंही मागे जाऊन उभे राहिलो, देवळात पालखीची वाट बघावी तसे. आणि तिनं लीद टाकली. आधी थोडी, कडक, मग चांगली भरभरून, त्यात अख्खे चणे. मावशींनी टाळ्या वाजवल्या. “टाकली गं टाकली!” म्हणत त्यांनी मला मिठी मारली. चाचांनी दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले आणि छपरीच्या मेढीला पाठ टेकून मटकन खाली बसले. म्हणाले, “आता एक चहा पाजा मला. सकाळपासून काही नाय पोटात.” मी चहा करायला धावले आणि घाईत अर्धी साखर चुलीत सांडली. जगात कुणी कुणाच्या लिदीवर इतका आनंद केला असेल असं मला वाटत नाही. तो चहा आम्ही तिघांनी तिथेच, छपरीत उकिडवं बसून प्यायला. घोडी मान खाली घालून उभी होती, दमलेली, पण आता पोटाकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला नुसतं कोमट पाणी आणि मूठभर हरळी. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या पदराला तोंड घातलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. चण्याच्या डब्यासाठी मी मावशींच्या घरातून कडी-कोयंडा असलेली लाकडी पेटी मागून आणली.

हे परत आले ते त्यानंतर चार दिवसांनी. आल्या आल्या हात-पाय धुऊन म्हणाले, “काम झालं. व्यापारी पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतोय घोडी न्यायला.”

मी जेवायला वाढलं. यांचं जेवण होईपर्यंत थांबले आणि मग सगळं सांगितलं. दोर सोडल्यापासून झाकणावर दगड ठेवायचा राहिल्यापर्यंत, काहीही न लपवता. हे रागावतील याची तयारी मी चार दिवस केली होती. हे सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता हातातच राहिला.

“तू पाच तास तिला धरून होतीस?”

“चाचा होते, मावशी होत्या.”

“तिनं चावलं नाही?”

“नाही.”

यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग खाली बघत म्हणाले, “मला भीती वाटते गं तिची. लहानपणी घोड्यानं लाथ मारली होती, इथे.” यांनी गुडघ्याजवळची खूण दाखवली. ती खूण मी आधीही पाहिली होती. झाडावरून पडलो असं यांनी मला सांगितलं होतं.

“मग या ना,” मी म्हणाले. “मीही भीत होते.”

आम्ही मागे गेलो. यांनी सवयीनं काठी उचलली, मी ती हातातून काढून घेतली. घोडीनं यांना बघून कान मागे टाकले. हे थांबले. “ओरडू नका,” मी हळूच म्हटलं. “नुसतं बोला. काहीही बोला.”

“काय बोलू?”

“घोटीचं सांगा.”

आणि हे खरंच तिला घोटीचं सांगू लागले. कुठल्या पाड्यावर किती माणसं टोचून घ्यायला आली, कुठल्या पाटलानं आधी स्वतःच्या दंडात सुई घ्यायला नकार दिला, भात कसा लागला आहे. घोडीचा एक कान पुढे आला, मग दुसरा. मी यांच्या हातात खरारा दिला आणि मानेच्या शेवटची ती जागा दाखवली. घोडीचा वरचा ओठ लांब होऊन थरथरू लागला तेव्हा हे इतके हसले की मावशी काय झालं म्हणून बघायला आल्या.

व्यापाऱ्याला यांनी दुसऱ्याच दिवशी कार्ड टाकलं की घोडी देता येत नाही, क्षमा असावी. शब्द मोडल्याबद्दल यांना वाईट वाटलं, पण कार्ड टाकून आले ते शीळ घालतच. मला मात्र व्यापाऱ्याचा माणूस येऊन घोडी नेईल का या धास्तीनं आठवडाभर नीट झोप नव्हती. मग घोटीहून उत्तर आलं. त्याला इगतपुरीला दुसरं जनावर मिळालं होतं. मी ते कार्ड चाचांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “अल्लानं सगळ्यांची सोय केली.”

दिवाळीनंतर हे तिच्यावर बसून पेठच्या बाजूला फिरतीला निघाले. सोबत लशीची पेटी, अंथरूण आणि माझ्या हातचे मेथीचे लाडू. पहिले काही दिवस मी रस्त्याकडे कान लावून असायचे. कधी कधी तिकडून येणारा एखादा पोस्टमन किंवा लाकडाच्या गाडीवाला सांगायचा, देवी डॉक्टर अमुक गावी आहेत, बरे आहेत. “आणि घोडी?” असं मी विचारायचे. त्यांना हसू यायचं.

तीन आठवड्यांनी एका दुपारी मी अंगणात वाल सोलत असताना हे मळ्याच्या वळणावर दिसले. पायी. घोडीचा दोर हातात, खोगीर तिच्या पाठीवर, पेटी मात्र यांच्या डोक्यावर. मी घाबरून धावले. घोडी धूळभरली होती पण चारी पायांवर नीट चालत होती. हे लंगडत होते.

“काय झालं? पडलात का?”

“नाही गं. घाटात तिचा पुढच्या उजव्या पायाचा नाल निसटला. रस्त्यात सगळी खडी. बसून आलो असतो तर खूर फुटला असता.” हे पेटी खाली ठेवत म्हणाले. “आठ मैल चाललो. जोडे नवीन होते.”

मी यांचे जोडे काढले. दोन्ही टाचांना फोड आले होते. मी पाणी आणायला वळले तर मागून आवाज आला, “आधी तिला. थोडं थोडं दे, चालून आली आहे.”

मी बादली भरून घोडीपुढे ठेवली. ती प्यायला लागली तशी चूल पेटवून यांच्या पायांसाठी पाणी तापत ठेवलं.